कुठे काढायचा, कुठे घालायचा

"स्कार्फ काढ ना जरा. इथल्या बायकांना सवय नसते."

ताई, आमच्या पक्षाच्या इथल्या पुढारी, हसतच म्हणाल्या. नौपाड्यात आमच्या पक्षाचं हळदीकुंकू होतं. हॉल मी ठरवलेला. वाणाचे डबे मी भरलेले. घरोघरी आमंत्रणं करत मीच फिरलेले. हॉलच्या जिन्यात उभं राहून पिना काढल्या, स्कार्फ पर्समध्ये कोंबला. घामाने केस चिकटलेले. तशीच ताईंच्या मागे जाऊन उभी राहिले. लाज वाटली, पण ताईंचा शब्द मी कधी मोडला नव्हता.

लग्न करून मी उत्तर प्रदेशातून ठाण्यात आले, तेव्हा मला मराठीचा गंध नव्हता. ताईंनी खोपटच्या पक्ष कार्यालयात समोर बसवून शिकवलं. मराठी बोलायला, माइक धरायला, पाण्यासाठी मोर्चा न्यायला. भर सभेत म्हणायच्या, "ही माझी मुलगीच." मी ते खरं मानलं. या वेळी विधानसभेचं तिकीट तुलाच, हेही त्याच म्हणाल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात आमच्या मुस्लिम वस्तीत सभा झाली. मी नेहमीसारखी स्कार्फ बांधून गेले. ताईंनी मला बाजूला घेतलं.

"अगं, बुरखा नाहीये का तुझ्याकडे? नुसत्या स्कार्फने लांबून कळत नाही."

मी काय, माझ्या अम्मीनेही कधी बुरखा घातला नव्हता. शेजारणीचा मागून आणला. त्या दिवशी मला स्टेजवर पहिल्या रांगेत बसवलं. फोटो पण खूप काढले.

मग तिकीट जाहीर झालं. ताईंच्या सुनेला. ती घोडबंदरला टॉवरमध्ये राहते, आमच्या एकाही मोर्चात दिसली नव्हती. मी कार्यालयात गेले. ताई चहा ओतत होत्या.

"आमदारकीचं वेगळं असतं गं. तू बाहेरून आलेली. लोक विचारतात."

"मुलगी म्हणायचात ना मला?"

"म्हणून तर हक्काने सांगतेय. उद्या रॅलीला तुझ्या वस्तीतल्या बायका आण. बुरख्यात आण हं. पुढेच चालू देत."

मी चहाचा कप बाजूला सरकवला.

"नाही आणणार."

"काय?"

"नाही आणणार. मी स्वतः उभी राहतेय."

"कुणाच्या जिवावर?"

चहा तसाच ठेवून उठले. एसटी डेपोपर्यंत रडत गेले. पक्षाने फसवलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. पण ह्या बाईला मी आई मानलं होतं.

शेजारणीचा बुरखा धुऊन परत केला. अपक्ष म्हणून अर्ज भरलाय. डिपॉझिट जाईल म्हणतात. जाऊ दे. पहिली सभा आपल्या वस्तीतच घे, असं सगळे समजावतात. मी ती नौपाड्यात घेणार आहे, त्याच हॉलसमोरच्या रस्त्यावर. ताईंनी शिकवलेल्या मराठीत बोलेन. डोक्यावर स्कार्फ असेल. तो काढ किंवा घाल, हे यापुढे मला कुणी सांगायचं नाही.