माणसं मोजायची नसतात

भीतीचे किस्से कसे साठतात ते मला विचारा! घरातल्या जुन्या पिशव्यांसारखे. एक काढायला जावं तर तिच्यातून दुसरी निघते आणि दुसरीतून तिसरी. फेकवतही नाहीत.

मी रिबेका, आणि आमचे हे सॅमसन. नावावर जाऊ नका, झुरळाला भितात. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. अमरावती-अकोला मिळून आमची मूठभर घरं. अमरावतीत प्रार्थनेचा एक छोटा हॉल आहे, त्याची किल्ली यांच्याकडे. नियम असा, की दहा मोठे पुरुष जमल्याशिवाय पूर्ण प्रार्थना होत नाही आणि तोराची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी कपाटाबाहेर येत नाही. आमच्याकडे पुरुष आहेत बरोबर तेवढेच! नऊ अमरावतीत, दहावे अकोल्याचे डॅनियलकाका. वय चौऱ्याऐंशी, रेल्वेतले रिटायर्ड गार्ड, एकटे राहतात. (आकडा कागदावर लिहिला. तोंडाने बोलणार नाही. का, ते पुढे येईलच.)

कोणाला साधी शिंक आली तरी मी काढा उकळायला ठेवते.

* * *

दर शुक्रवारी सकाळी हे सगळ्यांना फोन करतात. निमित्त प्रार्थनेच्या वेळेचं, खरं म्हणजे सगळे धडधाकट आहेत ना ते बघायचं.

एका शुक्रवारी काकांनी फोन उचलला नाही. यांनी सात वेळा लावला. चेहरा पांढराफटक. मी अकोल्यात काकांच्या शेजाऱ्यांना फोन लावला, "जरा दार वाजवता का हो?" ते म्हणाले, दार आतून बंद आहे. मी म्हटलं, मग तोडा!

पाच मिनिटांनी काकांचाच फोन.

"काहून बे सॅमसन, दार तोडतं काय माह्यं? मी दाढी करून राहिलो होतो!"

* * *

तिकडे इस्राएलमध्ये युद्ध पेटलं आणि इकडे आमच्या हॉलसमोर राखणीला एक हवालदार बसायला लागला. खुर्ची आमची, चहा माझा.

एक दिवस दारात खोकं सापडलं. सुतळीने करकचून बांधलेलं, नाव नाही, गाव नाही. हवालदाराने आम्हा सगळ्यांना रस्त्याच्या पलीकडे काढलं. आम्ही लिंबाखाली उभे, तोंडाने प्रार्थना चालू. तेवढ्यात काकांचा फोन.

"संत्री भेटली काय? शेंदूरजनाघाटच्या दोस्तानं जीपवाल्याजवळ धाडली. मलिद्याले होतीन."

मलिदा म्हणजे गोड पोहे, खोबरं आणि फळं. नवस फेडायचा आमचा प्रसाद. हे ओरडले, "काका, खोक्यावर नाव तरी टाकायचं!"

"कशाले? तुमाले माह्याशिवाय दुसरं कोण धाडते?"

खोकं उघडलं, संत्रीच होती. तरी हवालदार लांबूनच म्हणाला, "वहिनी, पहिलं तुमी खा!"

* * *

आमचा मुलगा इस्राएलला नोकरीला गेला, त्या दिवसापासून प्रार्थनेला लागतात तेवढेच पुरुष उरले, वर एकही शिल्लक नाही.

एका दुपारी तो व्हिडिओ कॉलवर भाजी करत होता. हल्ल्याचा सायरन वाजला. फोन तसाच टेकवून तो आसऱ्याच्या खोलीकडे पळाला. आम्ही दोघं मोबाईलवर त्याचं रिकामं स्वयंपाकघर बघत बसलो. यांनी माझा हात धरला होता, तो इतका घट्ट की बांगडी पिचली. किती वेळ गेला कोण जाणे. पोरगा धापा टाकत परत आला, गॅसकडे बघितलं आणि म्हणाला, "आई, करपली गं!"

हे उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. नळाच्या आवाजात ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं.

* * *

आता माझी चूक.

आमच्यात माणसं आकड्याने मोजत नाहीत. मोजलं की नजर लागते म्हणतात. प्रार्थनेतलं दहा शब्दांचं एक वचन आहे. एका माणसाकडे बघून एक शब्द म्हणायचा. वचन पुरं झालं की सुरू करायचं.

उन्हाळ्यातल्या एका सणाला काका सकाळच्या एसटीने आले. दारात त्यांची काठी दिसली आणि मी आनंदाने ओरडले, "दहा झाले हो!"

यांनी डोळे मिटले. काका मात्र हसले, "मोजलं काय वं पोरी? कोंबड्या होय काय आमी?"

त्याच आठवड्यात काका बाथरूममध्ये घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. काही महिने तोराचं कपाट बंद राहिलं. कोणी मला एका शब्दाने बोललं नाही, पण मला रोज वाटायचं, मीच पाडलं त्यांना.

* * *

मग आला मोठ्या उपासाचा सण. आमची जुनी माणसं त्याला 'दार फाळणीचा सण' म्हणतात. दारं लावून प्रार्थना करायची. येत्या वर्षात कोण जगणार, कोण नाही, ते त्या दिवशी ठरतं असं आम्ही मानतो.

डॉक्टर म्हणाले, "या वयात अकोला ते अमरावती? मी परवानगी देणार नाही." काका म्हणाले, "तुमी नका देऊ. मी कुठं मागून राहिलो?"

सूर्य बुडायच्या आधी गाडी आली. चौघांनी उचलून काकांना हॉलमध्ये खाटेवर ठेवलं. अंगावर पांढरी चादर, डोळे मिटलेले. दारं लागली. मी मागे बायकांमध्ये उभी. माझी नजर त्या चादरीवरून हलेना, कारण ती चादरच हलत नव्हती.

यांनी वचन सुरू केलं. एका माणसाकडे बघायचं, एक शब्द म्हणायचा. शेवटून दुसरा शब्द झाला आणि हे थांबले. खाटेकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या तोंडून पुढचा शब्द फुटेना. माझ्या मनात एकच, मी मोजलं होतं, मी मोजलं होतं.

तेवढ्यात खाटेवरून शेवटचा शब्द आला. खणखणीत.

काकांनी एक डोळा उघडला.

"आता काय गार्डाची शिटी मारू? सुटा ना बे! मले लई टाइम थांबता येत नाही!"