'रँकल' म्हणजे वैर नव्हे

कोर्टाच्या भाषांतर विभागात एकतीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे 'शब्दबाई' म्हणत; थोडे कौतुकाने, बाकीचे कातावून. त्यांच्या टेबलावर कागद गेला की अडकला, असा लौकिक होता.

त्या दिवशी मात्र कातावल्या होत्या त्याच. दोन भावांत घराच्या वाटणीचा दावा चालला होता. परदेशी गेलेल्या धाकट्याने थोरल्याला इंग्रजीत पत्र पाठवलं होतं. थोरल्याला इंग्रजीचा गंध नाही, त्याने ते तसंच वकिलाच्या हातात दिलं. पत्रात 'रँकल' असं एक क्रियापद होतं, आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने बेधडक लिहून टाकलं होतं : 'आईच्या उशाशी तू बोललास, त्याचं वैर मी धरून आहे.'

वकील तर खूशच होता; धाकट्याचं वैर दाव्यात त्याच्या कामी येणार होतं. "सही करा बाई. राग काय, वैर काय, सगळं एकच."

"एकच कसं? या क्रियापदाचा कर्ता माणूस नसतो. घडलेली गोष्ट असते. ती आत चिघळत राहते. तो काही धरून बसलेला नाही, त्याला होतंय."

"व्याकरण कोर्टात चालत नाही."

"दुसरं काय चालतं तिथे? कोणी केलं आणि कोणाला झालं, एवढंच तर ठरवता."

साहेब आतून ओरडले, "बाई, एका शब्दापायी किती डोकं खाल?"

बाईंनी ओळीवर काट मारली, 'आईच्या उशाशी तू जे बोललास ते मला अजून सलतं' असं लिहिलं आणि सही ठोकली. वकील पाय आपटत गेला.

दुपारी थोरला स्वतःच आला. साठीचा माणूस, हातात तो कागद.

"वकील म्हणाले होते, वैर धरलंय."

"नाही धरलेलं."

त्याने कागद टेबलावर ठेवला. "मी त्याला बोललो होतो, तू फक्त पैसे पाठवतोस, मुलगा नाहीस. मला वाटलं, विसरला असेल. चुकलो, हे इंग्रजीत कसं लिहायचं?"

"त्याला आपली भाषा येते ना?" बाई वैतागल्या.

"येते की. आईनेच शिकवली."

"मग फोन करा. इथे कशाला वेळ घालवताय? माझा आणि तुमचाही."

दावा काही लगेच मिटला नाही. पण पुढच्या तारखेला थोरल्याने वकिलाला मुदत मागायला लावली, आणि धाकटा विमानाने आला. दिरंगाईबद्दल बाईंना मेमो मिळाला. त्यातही दोन शब्द चुकीचे होते.