सिलिंडरच्या शेडमधली केबिन

पनवेलजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कपबश्यांचा कारखाना होता आणि तिथलं स्टोअर्स माझ्याकडे. भट्टी सिलिंडरवर चालायची. मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या शेडमध्ये सिलिंडरांची रांग असे. सकाळी आल्याआल्या ती मोजायची, हे माझ्या यादीतलं पहिलं काम.

मग रस्ता खणून गॅसची पाइपलाइन आली. धाकटे मालक हॉटेलातल्या एका चर्चासत्राला अर्धा दिवस बसले आणि तज्ज्ञ होऊन परतले. नवी लाइन म्हणजे भरपूर गॅस, भरपूर गॅस म्हणजे पडता भाव, आणि भाव पडत असताना साठा करतो तो मूर्ख, हे त्यांनी आम्हाला फळ्यावर बाण काढून समजावलं. बाण सगळे खाली जाणारे. मी मुद्दे लिहून नेले होते. निम्मे सिलिंडर आणि जुने बर्नर अडीअडचणीला ठेवावेत का, हा चौथा. त्यापुढे त्यांनी 'गरज नाही' लिहून सही ठोकली. सिलिंडर गेले, परवाना गेला, आणि शेडला काचा आणि एसी लावून तिथं त्यांची केबिन झाली. बाहेर दोन कुंड्याही आल्या.

भट्टी सांभाळणारे काका उरणकडचे कोळी. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. केबिनकडे बघत ते मला एवढंच म्हणाले, "बाय, आमच्याकडं बर्फाचा नवीन कारखाना झाला. पन होडीतली बर्फाची पेटी कुनी इकली नाय."

सुरुवातीला गॅस खरंच स्वस्त पडला. धाकटे मालक भेटेल त्याला ते ऐकवत. पण ही अक्कल काही त्यांना एकट्यालाच आलेली नव्हती. वर्षभरात वसाहतीतल्या बऱ्याच कारखान्यांनी त्याच लाइनवर जोडण्या घेतल्या आणि भाव पुन्हा चढला. मी फळ्याकडे बघितलं. बाण अजून खालीच चालले होते.

एका दुपारी भट्टी ऐन तापलेली असताना दाब उतरला. पलीकडच्या रस्त्यावर कुणीतरी खणताना लाइन फोडली होती. काका झडपांशी झटत राहिले, पण पेटवायला दुसरं होतं काय? सगळा माल खरखरीत, बिनचकाकीचा निघाला.

धाकट्या मालकांनी अहवाल मात्र तत्परतेनं लिहिला. भट्टीचालकाचा हलगर्जीपणा, भरपाई त्यांच्या निवृत्तीच्या पैशांतून. तेव्हा काकांचे तीनच महिने उरले होते. अहवालावर स्टोअर्सची म्हणून माझी सही हवी होती. मी सही केली नाही. फायलीतून माझ्या मुद्द्यांचा तो जुना कागद काढला आणि मोठ्या मालकांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी चौथ्या मुद्द्यावर बोट ठेवून मुलाला विचारलं, "ही सही कोणाची?"

तेव्हाची परिस्थिती वेगळी होती, जागतिक बाजार वेगळा होता, असं बरंच काही धाकटे मालक बोलले.

"मी सही विचारली," मोठे मालक म्हणाले आणि अहवाल फाडला.

पुन्हा सिलिंडर आणायचे ठरले. नियमाप्रमाणे ते भिंतींपासून दूर, मोकळ्यावर हवेत. आमच्याकडे तशी जागा एकच होती. एसी निघाला, काचा निघाल्या, तज्ज्ञांचं टेबल पॅकिंग विभागात खोक्यांशेजारी आलं. कुंड्या तेवढ्या मी ठेवून घेतल्या.

शेवटच्या दिवशी काका सत्काराच्या नारळासकट शेडमध्ये जाऊन रांग मोजून आले.

"सगले भरलेले हायत, बाय," ते म्हणाले. "लिवून घे."