पुलाच्या अलीकडं

तात्यासोंनी पुलाच्या कठड्याला सायकल टेकवली आणि रागानं पुढं बघितलं. नदीकाठचा मुरमाचा रस्ता सरळसोट पडला होता. दोन्ही अंगांना पाणथळ रान, त्यात बगळे, आणि गाडीचा हॉर्न म्हणून नाही.

चाळीस वर्षं कापडदुकानात गादीवर बसून काढल्यावर त्यांनी दुकान लेकावर सोपवलं आणि ही सायकल घेतली. रोज सकाळी या रस्त्यानं पंधरा किलोमीटर ठरलेले. पण आषाढात अवदसा आठवली. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनिमहाराजांसमोर जो तो चातुर्मासाचा नेम घेत होता. कुणी गूळ सोडला, कुणी तूप. तात्यासोंना खाणं काही सोडवेना. पुलापलीकडं तेव्हा पुराचं पाणी होतं. दिवाळीपर्यंत रस्ता कुठला उघडा पडतोय, असं धरून ते दणक्यात बोलून गेले, "चार महिने पुलापलीकडं जाणार न्हाय!"

यंदा पाणी भाद्रपदातच ओसरलं. मुरूम वाळून खडखडीत झाला. पण महाराजांपुढं घेतलेला नेम मोडायचा कसा?

घरी येऊन ते बायकोवर खेकसले, "कोंडून घातल्यागत झालंय बघ! एवढा झकास रस्ता, अन् मी अलीकडं!"

पद्मावती भाकरी थापत होती. "काय हाय हो पुलापलीकडं?"

"म्हंजे? तुला ठावं न्हाय?"

"लगीन होऊन चाळीस वर्षं झाली," तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली. "मी कुठला नेम घेतलता?"