कुलूपबाई आणि शिवणवाली

भर दुपारी हातोडीचा पहिला घाव निवाऱ्याच्या दारावर बसला. तिसऱ्या घावाला कडी निखळली.

निवारा म्हणजे नवऱ्याच्या मारातून सुटलेल्या बायकांनी लपून राहायची जागा. बाहेर पाटी नव्हती. आतली कागदपत्रं सांभाळणाऱ्या बाईंना सगळे कुलूपबाई म्हणत. एकवीस वर्षांत त्यांच्याकडून कुणाला धड एक कागद मिळाला नव्हता. इस्पितळाचा फोन येवो की वकीलबाईंचा, उत्तर ठरलेलं, "लेखी अर्ज आणा." अर्ज आला की त्यातही खुसपट काढायच्या.

त्या दाराशी पोचल्या तेव्हा तो आत आला होता. निवाऱ्यात राहून कपडे शिवणाऱ्या शिवणवालीचा नवरा.

"कुठंय ती?"

"इथं अशी कुणी नाही," म्हणत त्यांनी चौकटीला उजवा हात लावून वाट अडवली. त्याने त्या हातावरच हातोडी घातली. बोटं मोडल्याचा आवाज आधी आला, कळ मागाहून मस्तकात गेली.

आतल्या खोलीत शिवणवाली मशीनवर होती. त्याने तिला केसांनी खाली ओढलं आणि एक घाव डोळ्याजवळ घातला. दुसऱ्यासाठी हात उचलला, तोच स्वयंपाकीण मावशीने उकळत्या पाण्याचं पातेलं त्याच्या पाठीवर रिकामं केलं. तो गुरासारखा ओरडला. चार बायका त्याच्या उरावर बसल्या. एकीने त्याचं डोकं फरशीवर आपटलं, पुन्हा आपटलं. पोलीस येईपर्यंत तिचा हात कुणी धरला नाही.

इस्पितळात डॉक्टर घामाघूम झाले होते. "रक्त थांबत का नाहीये? हिला काही गोळ्या चालू आहेत?"

"रक्त पातळ करायच्या. हृदयासाठी," कुलूपबाई कशाबशा म्हणाल्या.

"महिन्यापूर्वी फोन करून मी हेच विचारलं होतं! लेखी अर्ज आणा म्हणालात!"

शिवणवाली वाचली, पण डावा डोळा गेला.

पत्ता फुटला कसा, ते संध्याकाळी कळलं. निवाऱ्यातली समुपदेशक मुलगी रडत म्हणाली, "तुमच्याकडून काही मिळेना, बायकांची कामं अडत होती. म्हणून बायकांच्या नाव-पत्त्याच्या अख्ख्या यादीचा फोटो काढून सगळ्या संस्थांच्या ग्रुपवर टाकला." ग्रुपमध्ये अशा बायकांना सरकारी भत्ता देणाऱ्या कचेरीचा कारकून होता. 'पोरगी तापाने फणफणलीय, आईला हाक मारतेय,' असं सांगत नवरा त्याच्यापुढे रडला. कारकून विरघळला आणि पत्ता देऊन बसला.

कुलूपबाई तिला फाडून खाणार होत्या. पण डॉक्टरांचे शब्द अजून कानात होते. "चूक तुझीच," त्या म्हणाल्या, "पण तुला त्या वाटेला लावलं मी."

हात गळ्यात बांधूनच त्यांनी सगळ्या संस्थांना एका टेबलाभोवती बसवलं. तीन दिवस कचाकचा भांडणं झाली. अखेर ठरलं की माहिती एकत्रच ठेवायची, पण डॉक्टरांना फक्त आजार आणि औषधं दिसतील, वकीलबाईंना फक्त खटला. भत्ता कचेरीला हवं तेवढंच, आणि पत्ता निवाऱ्याबाहेर कुणालाच नाही. जो उघडून बघेल त्याचं नाव आणि वेळ तिथंच उमटेल.

हे सांगायला त्या शिवणवालीच्या खाटेपाशी गेल्या. तिने पट्टीखालून सगळं ऐकून घेतलं.

"छान ठरवलंत. पण बाई, माझं कुणाला काय सांगायचं, हे मला कुणी विचारलंत?"

कुलूपबाई ओशाळल्या. स्टूल ओढून बसल्या, डाव्या हातात पेन धरलं. "सांग."

"डॉक्टरांना सगळं. वकीलबाईंना मारल्याचं सगळं, फोटोंसकट. त्या भत्तेवाल्याला माझं नावसुद्धा नको."

"अगं, मग भत्ता मिळणार नाही."

"नको मला. शिवता येतं अजून."

"आणि आता इथून जाशील तिथला पत्ता कुणाला?"

"तुम्हालाही नको."

कुलूपबाईंना ते जिव्हारी लागलं. पण वेड्यावाकड्या अक्षरात तेही त्यांनी लिहून घेतलं.