ऐसपैसरावांचे नटलेले फोटो

घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या त्या दलालाला सगळे ऐसपैसराव म्हणत, कारण कोंबड्यांच्या खुराड्यालाही ते "ऐसपैस" म्हणत. नवा मोबाइल हाती आल्यावर तर बोलायचीही गरज उरली नाही. कोपऱ्यात भिंतीला पाठ चिकटवायची, वाइड लेन्स लावायची, की दहा बाय दहाच्या खोलीचं सभागृह! एका अ‍ॅपने ते भिंतीची ओल पुसत, दुसऱ्याने खिडकीसमोरची भिंत काढून तिथे आभाळ आणत.

"फोटो खोटा नसतो, नटलेला असतो," ते बायकोला ऐकवत.

"लग्नाआधी दाखवलेला तुमचा फोटोही नटलेलाच होता," ती म्हणे. "केस होते त्यात."

एकदा एक निवृत्त शिक्षिका खोली बघायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"ही खोली कुठली?"

"फोटोतलीच, बाई."

"मग फोटोतली उरलेली खोली कुठे गेली?"

बाईंनी पर्समधून टेप काढली आणि एक टोक ऐसपैसरावांच्या हातात दिलं. आपला पलंग आणि पुस्तकांची कपाटं मापात बसवून पाहिली, तर माणसाला उभं राहायला जागा उरेना. तेवढ्यात छतावरून टपकन एक थेंब रावांच्या टकलावर पडला. बाईंनी वर पाहिलं.

"हा डाग फोटोत नव्हता."

"उजेडाचा खेळ असतो हो."

दुसरा थेंब पडला.

"उजेड गळतोय वाटतं," बाई म्हणाल्या.

त्यांनी आपला जुनाट मोबाइल काढला, लेन्स रुमालाने पुसली (हे रावांना आजवर सुचलं नव्हतं) आणि दारात सरळ उभं राहून खोलीचा एक फोटो घेतला, एक छताचा. दोन्ही फोटो त्यांनी रावांच्या ऑनलाइन जाहिरातीखालीच टाकले.

संध्याकाळी परगावच्या घरमालकाचा फोन आला. "अहो, दोन वर्षं तुमच्या फोटोंत छत कोरडंठाक! म्हणून तर मी गवंडी बोलावला नाही!"

राव नुसते "हो, हो" करत राहिले.

गळती दुरुस्त झाली. आठवड्याने, बाईंनी काढलेला खोलीचा फोटो पाहून, एक नर्स एकाच बॅगेनिशी आली. तिने खोलीत नजर फिरवली आणि म्हणाली, "अगदी फोटोसारखीच आहे. घेते."

एवढ्या वर्षांत हे वाक्य रावांना कुणी ऐकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते गावभर सांगत सुटले: "आता खरे फोटो टाकायचे. शक्कल आपलीच!"