काकांची नक्कल

नव्वदच्या दशकात आम्ही नाशिकरोडला एका तीन मजली सोसायटीत राहायचो. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्टला जायचे, आई दुपारी एका टेलरकडे फॉल-पिकोला. माझी शाळा सकाळची. त्यामुळे घराची किल्ली वरच्या मजल्यावरच्या काकांकडे ठेवलेली असायची. दुपारी हमखास घरी सापडणारे पुरुष ते एकटेच होते.

काकू नर्स होत्या. काका आधी कुठल्याशा ऑफिसात कारकून होते, पण मुलगी झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली. सोसायटीत याची बरीच कारणं सांगितली जायची. कुणी म्हणे त्यांना फिट येते, कुणी म्हणे डोक्यावर परिणाम झालाय. मी एकदा सरळ विचारलं. ते कणीक मळत होते.

"हिला तिचं काम आवडतं, मला हे," म्हणाले.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण हे कारण खरं असेल, असंही वाटलं नाही.

काकूंच्या जुन्या साडीचा तुकडा कमरेला बांधून ते पोळ्या करायचे. तव्यावरची पहिली पोळी मला, गूळ-तूप लावून. आईला हे माहीत होतं. "खा, पण बाबांपुढे बोलू नकोस," एवढीच तिची ताकीद. बाबा त्यांना 'वरची बाई' म्हणायचे. आई हसायची, म्हणून मीही हसायचे. आमच्याकडे बाबा जेवून उठले की ताट तिथंच राहायचं, आणि ते उचलायचं काम मी चौथीत असल्यापासून माझ्याकडे होतं. कुणी सांगितल्याचं आठवत नाही. ताट तिथं असायचं आणि मी उचलायचे.

मी आठवीत असताना गणपतीत सोसायटीच्या मुलांचं नाटुकलं बसलं. बाबांनीच लिहिलं होतं. बायको पर्स अडकवून ऑफिसला जाते, नवरा घरी भांडी घासतो, लाजतो, रडतो, असं सगळं. बायकोचं काम करायला दोन मुली भांडल्या. नवऱ्याचं काम करायला एकही मुलगा तयार होईना. "मी नाही बाई होणार," असं प्रत्येकाचं म्हणणं. नवऱ्याचंच काम आहे, हे कुणाच्या डोक्यात शिरेना.

शेवटी बाबा म्हणाले, "हिलाच करू दे. रोज वर जाते, हिला सगळं पाठ आहे."

मी काकांकडे गेले आणि तो साडीचा तुकडा मागितला.

"कसलं नाटक आहे गं?" त्यांनी विचारलं.

"असंच. घरातलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो धुऊन, इस्त्री करून दिला.

नाटकाच्या दिवशी आईनं मला काजळाची मिशी काढली. मी तो तुकडा कमरेला बांधून पोळ्या लाटल्या, काका मनगटानं कपाळावरचा घाम पुसतात तसा पुसला, ते मान वाकडी करून मुलीला हाक मारतात तशी हाक मारली. पहिल्या वाक्यापासून लोक हसायला लागले. काका दुसऱ्या रांगेत मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. आधी तेही हसत होते. मग त्यांची मुलगी मोठ्यानं म्हणाली, "बाबा, ताई तुमच्यासारखं करतेय!" त्यावर जो हशा पिकला तो बराच वेळ थांबला नाही. मी थांबून राहिले, कारण बाबांनी तालमीत सांगितलं होतं की हशा आला की थांबायचं.

नंतर बाबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. तोवर त्यांनी मला कधी शाबासकी दिली नव्हती.

तुकडा परत द्यायला गेले तेव्हा काका दारातच उभे राहिले.

"चांगलं केलंस," ते म्हणाले. "फक्त पोळी डाव्या हातानं उलटलीस. मी उजव्यानं उलटतो."

मी मान हलवली.

"आणि आईला सांग, उद्यापासून किल्ली दुसरीकडे ठेव म्हणावं."

मी माफी मागितली नाही. मागायची असते, हे सुचलंच नाही. वार्षिक परीक्षेनंतर ते लोक जागा सोडून गेले. पुढे त्यांचं काय झालं, मला माहीत नाही.

लग्नानंतर मी नाशिकमध्येच, सिडकोत राहायला आले. एका शाळेत शिकवत होते. नवरा अंबडला कारखान्यात सुपरवायझर होता. दोन हजार सालानंतर कधीतरी त्यांची कंपनी बंद पडली आणि तो घरी बसला. दोन महिने तो पेपर वाचत राहिला. मग एके दिवशी शाळेतून आले तर त्यानं मेथी निवडून, भाजी फोडणीला टाकली होती. कपडे धुऊन गॅलरीत वाळत घातले होते, माझे परकरसुद्धा.

मी चप्पल न काढता गॅलरीत गेले आणि ओले कपडे आत ओढले.

"अगं, वाळले नाहीत अजून," तो म्हणाला.

"समोरचे बघतात."

"बघू देत की."

"तुला नाही काही वाटत. मला राहायचंय इथं."

मला राग आला नव्हता, लाज वाटली असंही नाही. खुर्च्यांवर कपडे पसरताना आत काहीच होत नव्हतं. त्यानं पुन्हा स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. मी पहाटे पाचला उठून सगळं आवरून शाळेत जायचे आणि संध्याकाळी येऊन पुन्हा तेच करायचे. तो टीव्हीसमोर बसायचा. दुपारचं जेवलेलं ताट तिथंच असायचं.

आठ महिन्यांनी त्याला सिन्नरला नोकरी लागली. मी बिल्डिंगमध्ये घरोघर पेढे वाटले. लोकांनी माझंच अभिनंदन केलं. "सुटलात," समोरच्या बाई म्हणाल्या. मी हो म्हणाले. घरी आले तेव्हा तो बुटांना पॉलिश करत बसला होता. पेढ्यांचा रिकामा पुडा मी त्याच्याजवळ ठेवला. त्यानं विचारलं, "माझ्यासाठी नाही ठेवलास?"

ठेवला नव्हता. लक्षातच आलं नव्हतं.